नाव तेच ठेवलेली गाडी

माझा मोठा भाऊ मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजावर नोकरीला होता. हे सांगितलं की लोक बुचकळ्यात पडायचे. कोकणात आमच्या वालावलला जहाजावर गेलेली माणसं नवी नाहीत, पण ती तेलाच्या नाहीतर मालाच्या जहाजांवरची. दादाचं जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारं, मजल्यावर मजले चढवलेलं पार्किंग. एका देशातल्या कोऱ्या गाड्या आत घ्यायच्या, पट्ट्यांनी जमिनीला आवळायच्या, हेलकाव्यात एकीचं अंग दुसरीला घासू नये म्हणून सतत फेऱ्या मारायच्या आणि दुसऱ्या देशात त्या उतरवायच्या. सगळी नोकरी त्याची यात गेली. घरी आला की मात्र तो स्कूटर चालवायचा.

त्यातली एक गाडी त्याच्या मनात बसली. एका जर्मन कंपनीची, दोन माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे नाही, सीटच्या मागे. एका बंदरात गाड्या चढवणारी माणसं कमी पडली, तेव्हा जहाजावरच्या लोकांना हात लावावा लागला आणि दादाने तशी एक गाडी धक्क्यावरून उतारावर घेऊन वरच्या मजल्यापर्यंत नेली. एवढंच. पण त्या फेरीबद्दल तो असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा सगळा घाट चढून आला. स्टेअरिंगमधून चाकाखालचा पत्र्याचा प्रत्येक सांधा हाताला कळत होता, असं तो सांगायचा. आम्ही घरातले ऐकून कंटाळलो होतो.

मग त्याच्या मुलीचं लग्न झालं आणि ऐकणारा मिळाला. जावई पुण्याचा, गाड्यांच्या आतल्या भागांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत. पहिल्याच दिवाळीला दोघं ओटीवर बसले ते जेवायला हाका मारमारून उठेनात. त्याच सुमारास त्या जर्मन कंपनीने गाडी मुळापासून नवीन करून बाजारात आणली होती. लांबी-रुंदी वाढवली, गिअर आपोआप बदलणारे केले, वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या जागी पडदा आला, इंजिन लहान करून त्याला जास्त हवा कोंबणारा टर्बो जोडला. नाव मात्र तेच ठेवलं. वाद सुरू झाला तो या नावावरून.

दादाचं म्हणणं, नवी गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तिला वेगळं नाव द्यायला हवं होतं. जावयाचं म्हणणं, धुराचे कायदे बदलले, रस्ते बदलले, जुनीच बनवत बसले असते तर तिचं नावसुद्धा उरलं नसतं. वारसाने बापासारखं दिसायचं नसतं, बापाचं काम आजच्या दिवसात करायचं असतं. नवी गाडी वेगाला, वळणाला, ब्रेकला, सगळ्यात सरस आहे आणि ते मोजता येतं. दादा म्हणे, जे मोजता येत नाही ते तुम्ही काढून टाकलंत.

एकदा जावई बोलून गेला, "पण बाबा, तुम्ही ती दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी नेलीच नाही."

दादा शांतपणे म्हणाला, "नाय नेली. आणि तुमी नव्येत बसलात तरी काय?"

जावई बसला नव्हता. दोघंही हसले. खरं तर दोघांपैकी कोणाकडेही ती गाडी कधी येणार नव्हती, आणि त्या गाडीवरून ते वर्षानुवर्षं भांडले. जावयाला दादा कायम 'तुम्ही' म्हणायचा. सुरुवातीला प्रमाण मराठीत बोलायचा, वाद तापला की मालवणीवर यायचा. पुण्याच्या माणसाला ती हळूहळू समजायला लागली.

नोकरीतून मोकळा झाल्यावर लवकरच दादाला धाप लागू लागली. आधी देवळाच्या चढावर, मग अंगणात, मग नुसतं आंघोळ करून आल्यावर. गोव्याच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, यावर औषध नाही, वेग थोडा कमी करता येईल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. जहाजाच्या पोटातल्या धुराने झालं का, असं वहिनीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. वहिनीने मात्र ते नक्की करून टाकलं. तिच्यापुरतं त्या गाड्यांनीच तिच्या नवऱ्याला खाल्लं होतं.

घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची नळी नाकाला लावून दादा माजघरातल्या खाटेवर बसून असायचा. वीज गेली की इन्व्हर्टर चालू झाला का हे बघायला मी पलीकडच्या घरातून धावायचो. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं होतं. पण दर रविवारी जावयाचा फोन यायचा आणि पडद्यावर त्याचं तोंड दिसलं की दादा उठून बसायचा. एक वाक्य, मग श्वास, मग पुढचं वाक्य. ओठ निळसर व्हायचे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघायची.

शेवटी गणपतीला जावई आला तेव्हा तिने त्याला पडवीत बोलावून घेतलं. मी तिथेच होतो. ती म्हणाली, "तुमी त्यांका बोलूक लावू नकात. होय म्हणा आणि सोडून द्या."

त्याने मान डोलावली. दुपारी दादाने विषय काढला तसा जावई म्हणाला, मी पुष्कळ विचार केला बाबा, तुमचंच बरोबर आहे, जुनीची सर नवीला नाही. नाव बदलायलाच हवं होतं.

दादाने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, त्याला आनंद झाला असेल.

"तुमी माका मेललो धरलात," तो म्हणाला.

आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर जावई निघेपर्यंत तो त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. पुढचे कित्येक रविवार फोन आला की वहिनीच घ्यायची. बोलणं थांबलं, धाप काही कमी झाली नाही. जेवण मात्र कमी झालं. मी शाळेत शिकवून आल्यावर जवळ बसायचो, तर दादा यंत्राच्या घरघरीकडे कान लावून पडलेला असायचा. मी एकदा मुद्दाम त्या गाडीचं काही विचारलं. तुला त्यातलं काही कळत नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

थंडीत जावई अचानक एकटाच आला. पुण्या-मुंबईचे हौशी लोक आपल्या स्पोर्ट्स कार घेऊन गोव्याला निघणार होते आणि नाश्त्याला आमच्या जिल्ह्यातल्या नांदगावजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात थांबणार होते. त्यांत जुनी होती आणि नवीही. ओळखीतून त्याने दोन्ही मालकांना विचारून ठेवलं होतं. हे त्याने माजघरात सगळ्यांदेखत सांगितलं. वहिनी नको म्हणाली. एवढा प्रवास, हायवेची धूळ, वाटेत काही झालं तर काय. दादा खाटेवरून उतरून चपला शोधायला लागला. जावयाने मला त्याच्या गाडीत सोबतीला बसायला सांगितलं, मी बसलो. ऑक्सिजनचे दोन लहान सिलिंडर घेतले. वहिनी निरोपाला दारापुढच्या खळ्यात आली नाही.

हॉटेलच्या आवारात रंगीबेरंगी गाड्यांभोवती फोन उंचावलेल्या लोकांची गर्दी होती. जुनी गाडी एका टोकाला उभी होती, करड्या रंगाची, अपेक्षेपेक्षा फारच लहान. तिची मालकीण साठीच्या आसपासची बाई. तिने दादाकडे, नळीकडे बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं.

दादा आत बसायला वाकला, पण सीट इतकी खाली होती की गुडघे तिथवर जाईनात. मी आणि जावयाने बगलेत धरून त्याला टेकवला. एक पाय आत गेला, दुसरा बाहेर राहिला, नळी दारात अडकून ताणली गेली. त्याचे डोळे मोठे झाले. आम्ही घाईघाईने त्याला बाहेर ओढला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं तुटली आणि छातीच्या फासळ्या सगळ्या लोकांना दिसल्या. कोणीतरी खुर्ची आणली. स्टेअरिंगला त्याचा हात लागलाच नव्हता.

श्वास जरा ताळ्यावर आल्यावर तो म्हणाला, नवी खंय आसा.

नवीचं दार रुंद होतं. मालक तरुण होता, त्याने बटण दाबून शेजारची सीट मागे सरकवली आणि वर घेतली. दादा मांडीवर सिलिंडर घेऊन तिच्यावर नीट बसला. तो तरुण त्याला हायवेवर थोडं लांब फिरवून घेऊन आला. आम्ही दोघं बघत उभे होतो. जावयाच्या कपाळावर घाम होता.

परतीच्या वाटेवर कणकवली मागे पडल्यावर जावयाने विचारलं, कशी वाटली.

"बरी आसा. बरीच बरी आसा. पण ताच नाव ठेवल्यानी म्हणान वारस होता काय?"

जावयाने आरशातून त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्याने काहीतरी ठरवलं. तो म्हणाला, "होतो. जुनीने तुम्हाला आत घेतलं नाही बाबा. नवीने घेतलं. तुम्ही कबूल का करत नाही?"

मी थांब म्हणून जावयाच्या खांद्याला हात लावला. त्याने लक्ष दिलं नाही.

"माका आत घेतल्यान म्हणान ती मोठी?" दादा म्हणाला. श्वास घेतला. "माझ्यासारख्याक आत घेवचा काम ॲम्ब्युलन्सचा. असल्या गाडयेन माका सांगूक होया होता, तू जा म्हणान."

जावई म्हणाला, हा हट्ट झाला, युक्तिवाद नव्हे. दादा म्हणाला, तुझ्या युक्तिवादाला चाकं आहेत, रस्ता नाही. 'तुझ्या' म्हणाला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. कुडाळ येईपर्यंत ते भांडत होते, जावई आवाज चढवून आणि दादा तुकड्यातुकड्यांत. मधे थांबून मी सिलिंडर बदलला. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि मी त्याला थांबवलं नाही. तो जिवंत माणसासारखा बोलत होता.

त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. छातीत संसर्ग झाला. आधी कुडाळला, मग गोव्याला नेला. काचेआड ठेवलेला असताना एकदा मला आत सोडलं, तेव्हा तोंडावर मास्क होता आणि बोलता येत नव्हतं. डोळे मिटलेले होते. मी हात धरला तर त्याने धरला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

असा संसर्ग घरात बसूनही कधीही झाला असता, असं डॉक्टरांनी वहिनीला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. बाराव्याला जावयाच्या पानावर तिने वाढलं नाही, मुलीने वाढलं. रात्री ती जावयाला एवढंच म्हणाली, "बोलूक लावलात तुमी त्यांका." तो खाली मान घालून उभा राहिला. मी मधे पडलो, दादा स्वतःहून गेला होता असं सांगू लागलो, तर तिने मला हाताने थांबवलं. पुढे मुलीनेही नवऱ्याची बाजू घेतली नाही आणि आईचीही नाही.

तेव्हापासून मुलगी आईकडे एकटीच येते. जावई तिला सोडायला येतो, पण घरापर्यंत येत नाही. गाडी गावच्या तळ्याकाठी उभी करतो आणि मला फोन करतो. मी जाऊन त्याच्याशेजारी बसतो. तो वहिनीची तब्येत विचारतो, इन्व्हर्टरची बॅटरी बदलली का विचारतो. गाडीचा विषय आमच्यात निघत नाही. एकदा मी काढून बघितला. तो म्हणाला, नवीच सरस आहे, मला आजही तसंच वाटतं. मला त्यातलं काही कळत नाही.

चहाला घरी चल, असं मी त्याला दर वेळी म्हणतो. माझं घर वहिनीच्या घराला लागून आहे. तो नको म्हणतो आणि गाडी वळवतो.