शिंदीखान्यातला देव

आमच्या गावचा देव जन्माला आला, तेव्हा मी शेजारी तेलाची वाटी धरून उभी होते.

देव फार जुने असतात, स्वयंभू असतात, असं तुम्ही ऐकलं असेल. आमचा तसा नाही. आमचा एका सोमवारी, सकाळच्या चहानंतर झाला.

नळदुर्गहून जळकोटकडं जाताना हायवे सोडून जरा आत आमचं गाव. गावाच्या तोंडाशी, जुन्या रस्त्यावर एक दगडी शिंदीखाना आहे. निजामाच्या अमलात तिथं शिंदी विकली जायची. पुढं दुकान बंद पडलं, शिंदीची झाडं गेली, जुने पिणारेही गेले (नवे हायवेवर बसतात). मागं राहिला तो बसून बसून गुळगुळीत झालेला लांब ओटा, मडकं ठेवायचा खळग्याचा गोल दगड आणि मागच्या भिंतीतली वीतभर खिडकी. ज्यांना आत पाऊल टाकायची बंदी होती, त्यांच्या ओंजळीत त्या खिडकीतून शिंदी ओतली जायची. वरून. शिवाशिव नको म्हणून!

हे सगळं पाडून ग्रामपंचायतीला तिथं दुकानाचे गाळे काढायचे होते.

मी पेटले. (मला पेटायला काडी लागत नाही, असं आई म्हणते.) लगेच पत्रक काढलं: ‘किल्ल्यात राजे बसले, म्हणून किल्ला जपायचा. शिंदीखान्यात आपले पणजे बसले, त्यांचं काय?’ खाली ठळक अक्षरात शिंदीखाना बचाव समिती. समितीत मी अध्यक्ष आणि माझी मैत्रीण प्रज्ञा उपाध्यक्ष. सदस्य अजून यायचे होते.

माझा पणजा आत ओट्यावर लोळायचा, प्रज्ञाचा पणजा बाहेर खिडकीखाली उभा राहायचा. “तू ओटा वाचीव, मी खिडकी वाचिवते,” प्रज्ञा म्हणायची. “ही खिडकी गेली की झालं. उद्या हेच लोक म्हणतील, आपल्या गावात असलं काही नव्हतंच.”

घरात वेगळीच आग लागली होती.

“पोरीच्या जातीनं दारूचं दुकान वाचवायचं?” आई परात आपटत म्हणाली. “लोक दारूचं दुकान बंद करायला मोर्चे काढतात गं!”

“ते बंदच आहे, आई!”

“मग तू कशाला उघडतीस?”

मी आणखी पत्रकं छापली.

त्या सोमवारी सकाळी बातमी आली की जेसीबी निघालाय. प्रज्ञा तुळजापूरला नोकरीवर गेलेली, फोन लागेना. अण्णा (माझे वडील) शेतात. मी घरभर येरझाऱ्या घालत होते, तोंडानं घोषणा देत होते आणि ऐकायला फक्त आत्या होती. आमची आत्या माहेरीच राहते. तिचा जीव तिच्या म्हशीवर, आणि ती म्हैस आदल्या दिवसापासून गायब होती. त्यामुळं आत्याचा पारा आधीच चढलेला.

“कशाला बोंबलतीस? त्या मडक्याच्या दगडाला शेंदूर लाव, दोन फुलं टाक. कुणाच्या बापाची छाती व्हत न्हाय हात लावायची.”

“आत्या! अंधश्रद्धेवर माझी दोन पत्रकं आहेत!”

“मग ती लाव जेसीबीम्होरं.”

तेवढ्यात लांबून जेसीबीची घरघर ऐकू आली. माझं तत्त्व साधारण त्या घरघरीपर्यंतच टिकलं. “फक्त आजच्या दिवसापुरता हं!” मी म्हणाले. (अख्ख्या देशात एका दिवसापुरता देव आजवर कोणी केला नसेल. का केला नसेल, याचा विचार मी तेव्हा करायला हवा होता.)

आत्यानं सोनारीच्या जत्रेतून आणलेली शेंदराची पुडी काढली. मी तेलाची वाटी घेतली. आम्ही पळत सुटलो. आत्यानं दगड उभा केला, शेंदूर कालवला, बोटांनी सर्रसर्र थापला आणि दोन डोळे काढले. एक डोळा जरा मोठा झाला. नीट करायला वेळ नव्हता!

जेसीबी आला. ड्रायव्हर उतरला, आत डोकावला आणि चपला काढून हात जोडून उभा राहिला.

“ताई, देवाला मशीन लावत न्हाय म्या. लेकराबाळांचा धनी हाय.”

मागून सरपंच तात्या आले. त्यांनी दगडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, गोळा झालेल्या गर्दीकडं पाहिलं. निवडणूक तोंडावर होती. त्यांनीही चपला काढल्या.

मी जिंकले होते! संध्याकाळी रॉकेलचं फडकं घेऊन शेंदूर पुसायला गेले, तर तिथं बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात नारळ.

“लवकर आलीस गं,” एक जण म्हणाली. “आरतीला अजून अवकाश हाय.”

मी फडकं पाठीमागं लपवलं. रॉकेलचा वास आला तशी ती म्हणाली, “दिवा लावायला आणलंस व्हय? बरं झालं!”

आणि त्याच संध्याकाळी आत्याची म्हैस घरी आली. आपल्या पायांनी आली.

आत्या ओल्या डोळ्यांनी थेट शिंदीखान्यात गेली आणि लोटांगण घातलं.

“आत्या,” मी कानात ओरडले, “शेंदूर तुम्हीच लावलाय ना!”

“हात माझा. बुद्धी त्याची,” आत्या म्हणाली.

तिथून पुढं माझ्या हातात काहीच राहिलं नाही. देवाचं नाव शिंदोबा पडलं. हायवेवरचे ट्रकवाले गाडी वळवून येऊ लागले. एक डोळा मोठा असल्यानं देव जास्त जागृत, असंही ठरलं! मग शिंदीखान्यातच जीर्णोद्धाराची सभा लागली. बेत असा: ओट्यावर चकचकीत फरशी, भिंतींना गुलाबी ऑइलपेंट आणि देवाच्या पाठीमागं भोक बरं दिसत नाही म्हणून खिडकी विटांनी बुजवायची.

मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, आणि शांत प्रज्ञाची मला फार भीती वाटते.

“म्हणजे जेसीबीनं पाडलं असतं तर निदान धूळ तरी उडाली असती,” ती म्हणाली. “तू देव आणून पुसलंस. माझ्या पणज्याला तिथं आत घेतलं न्हाय. आता तो उभा होता ती जागाच न्हाय ठेवायची?”

दुसऱ्या कोणी शिवी दिली असती तर मी पत्रक काढलं असतं. इथं काय काढणार?

सभेला गेले. आई मागं ओढत होती, “बोलू नको गं, गाव वाळीत टाकेल!” तरी उभी राहिले. “तो देव नाही! मडक्याचा दगड आहे! शेंदूर आमच्या आत्यानं लावलाय आणि तेलाची वाटी माझ्या हातात होती!”

आईनं पदर तोंडावर घेतला. आता दगड येणार (साधा, बिनशेंदराचा), म्हणून मी डोळे मिटले.

तात्या सरपंच हळूच म्हणाले, “म्हंजी देवानं तुमचंच घर निवडलं म्हणा की.”

आणि लोकांनी हात जोडले. मला! आमचं घर शिंदोबाचं मानकरी ठरलं. अण्णा शेतातून आले ते थेट मानाचा फेटा बांधूनच घरी गेले. काय झालंय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आई पदराआडून बाहेर आली आणि शेजारणीला सांगू लागली, “आमच्या पोरीला पयल्यापासूनच ओढ हाय त्या जागेची.”

तिकडं गवंडी खिडकीपाशी विटा रचायलाही लागला होता. मागं दारात प्रज्ञा उभी होती. ती नुसती त्या विटांकडं बघत होती.

पुढचं लिहायला मला आजही लाज वाटते. मी हात वर केला आणि घोषणेच्या आवाजात म्हणाले, “मला दृष्टांत झालाय!”

“कवा?” आत्यानं विचारलं. (घरचीच माणसं अशी नडतात.)

“आत्ता, डोळे मिटले होते तेव्हा! देव म्हणाला, मला फरशी नको. रंग नको. आणि ती खिडकी बुजवाल तर खबरदार! तिच्याखाली ज्यांना उभं केलं, त्यांची आठवण पाटीवर लिहा. नाहीतर गावातली एकूण एक म्हैस...”

म्हैस हा शब्द निघताच गवंड्याच्या हातातली वीट खाली पडली.

सगळं राहिलं. ओटा राहिला, खिडकी राहिली, पाटी लागली. मजकूर प्रज्ञानं सांगितला आणि तात्यांनी एक शब्द न बदलता मान्य केला. देवाचाच मजकूर तो, बदलणार कोण? माझी दोन वर्षांची पत्रकं जे करू शकली नाहीत, ते एका थापेनं झालं. प्रज्ञानं मला माफ केलं, पण तेव्हापासून ती मला ‘माताजी’ म्हणते. तेही बसस्टँडवर, मोठ्यानं.

परवा तात्या घरी आले. म्हणाले, “ताई, देवळाला अजून एक बोर्ड पायजे. तुमचं अक्षर चांगलं, आन घर मानकऱ्याचं.”

मी नाही म्हणू शकले नाही. आता तुम्ही आमच्या गावात आलात, तर ज्या दारूच्या दुकानासाठी मी गावाशी भांडले, त्याच्या दारावर माझ्याच हातची ठळक अक्षरं वाचायला मिळतील: ‘दारू पिऊन आत येण्यास सक्त मनाई आहे.’