पट्टीभाऊंची धास्ती

संगणकाच्या पडद्यावर फाईल किती झाली ते दाखवणारी हिरवी पट्टी सरकत असली की पट्टीभाऊ दुकानात कोणाला शिंकूही देत नसत. "हळू! चालू आहे ना!" असं दटावत. जशी काही आपल्या शिंकेनं फाईल दचकणार होती! आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावला, बाजाराजवळ त्यांचं दुकान. आधी ते लग्नांचं शूटिंग करत. मग कॅसेटची सीडी, सीडीची डीव्हीडी आणि पुढे सगळ्याचीच मोबाईलवर चालणारी फाईल करून देऊ लागले. त्यांचं खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं.

धास्तीला कारणही होतं. भारनियमनाच्या त्या वर्षांत पट्टी टोकाला पोचायची आणि नेमकी लाइन जायची. भाऊ कपाळाला हात लावत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्यामुळेच की काय, काम झाल्यावर कोणी जुनी फाईल काढून टाका म्हटलं की ते भडकत. "मूळ काऊन मिटवता? नवीन चालून राहिली म्हणून जुनी मेली का?"

दुसरी खोड याहून वाईट. फाईल तयार झाली तरी ते ती हातात देत नसत. घरचं माणूस बोलावून त्याला ऐकवत, आणि त्यानं मान डोलावली तरच सोडत. गिऱ्हाईक वैतागे. "चित्र दिसते ना भाऊ, द्या मंग!"

"चित्र मले दिसते. आवाज कसा ओळखू? मी तुमच्या घरी राहतो का?"

बाबा गेल्यावर त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, ताईच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. ती भाऊंनीच काढलेली. पेटीतून बाहेर काढली तेव्हा फितीवर पांढरी बुरशी. मी आईला घेऊन दुकानात गेलो. भाऊंनी फीत पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली.

"काकी, ही एकच डाव चालन, अशी दिसते."

आईनं पदराचं टोक मुठीत धरलं ते सोडलंच नाही. पडद्यावर मंडप आला, वऱ्हाड आलं, बाबा आले. "जेवल्याबिगर कोणी जाऊ नका हो!" एवढंच एक वाक्य. पुढे पंगत दिसू लागली तोच यंत्र कुरकुरलं आणि फीत आत गुंडाळून तुटली. पण तोवर बाबा संगणकातल्या फाईलमध्ये आले होते. भाऊंनी त्या फाईलची मोबाईलसाठी दुसरी फाईल केली आणि आईपुढे लावली.

आईनं मान हलवली. "हे असे नव्हते बोलत. आवाज बारीक लागते."

मला रागच आला. "आई, मशीनमध्ये एवढा फरक पडतोच."

भाऊंचा चेहरा मात्र उतरला. "थांबा. काकी बराबर सांगून राहिल्या. बदलताना चाल वाढली, त्यानं आवाज बारीक झाला." फीत तर तुटलेली. पण पहिली फाईल त्यांनी मिटवली नव्हती. ते कधी मिटवतच नसत. पुन्हा ती हिरवी पट्टी सरकू लागली. लाइन जाईल या भीतीनं मी बल्बकडे बघत बसलो, शिंक आली ती दाबली. या वेळी बाबा बोलले आणि आई रडू लागली. तेव्हा कुठे भाऊंनी फाईल दिली.

गेल्या वर्षी भाऊ गेले. काही दिवसांनी त्यांच्या बायको, वहिनी, आमच्याकडे आल्या. सगळ्या तालुक्याची लग्नं भाऊंनी काढली, पण स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. "तुमच्याजवळ त्यायचं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणता म्हणता मला आठवलं. मोबाईल नवीन होता, त्यात ती फाईल उघडेल की नाही याची धाकधूक. उघडली. बाबांच्या वाक्याआधी पडद्याबाहेरून एक आवाज येतो, जो मी बाबांपर्यंत पोचायच्या घाईत इतकी वर्षं गाळत आलो होतो. "काकाजी, इकडं पाहा. हालू नका, चालू आहे ना!"

"आवाज बराबर आहे, वहिनी?" मी विचारलं.

त्यांनी मोबाईल कानाशी धरला. पुन्हा लावायला सांगितलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "किती भेऊन बोलून राहिले, पाहा ना."