पडवीतला भुसा आणि निळं पिंप

रत्नागिरीत घरच्या घरी भुसा ओढायचं मशीन बनवणारा पहिला माणूस मीच! निदान आमच्या आळीत तरी. बरं, आळीत दुसरं कुणी लाकूडच कापत नाही!

सातवीत शाळेने मला सोडलं, तेव्हापासून हातात करवत आहे. माझ्या पडवीत भुसा साचतो, आणि दोस्त येऊन बसतात म्हणून किस्सेही साचतात. भुसा निदान झाडता तरी येतो.

लेक सुमी पहिल्या बाळंतपणाला आली, तसा बायकोने हुकूम सोडला. "बाळाच्या नाकात भुसा गेलेला मला चालायचा नाही. ते यायच्या आत बंदोबस्त करा, नाहीतर तुमची करवत गोठ्यात!"

गोठ्यात म्हैस आहे. तिचं नि माझं पटत नाही.

*

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खिडकीत जुना टेबल फॅन, तोंड बाहेर. फणसाच्या फळ्या कापल्या, तरी पडवी चकाचक! बाहेर खळ्यात बायकोची आमसुलं वाळत होती. ती मला दिसली, पण मी बघितली नाहीत.

पुढच्या आठवड्यात इस्माईल जेवायला आला. हा माझा दोस्त, अर्धा जन्म गल्फात काढलेला. त्याच आमसुलांच्या सोलकढीचा घोट घेऊन, दातातला चोथा काढत म्हणतो, "वहिनी, आज नारळ जून होता काय?"

मी म्हटलं, "नारळ नाय रे, फणस आहे. लाकडासकट!"

बायकोने फॅन उचलून स्वैपाकघरात नेला. अजून तिथेच आहे.

*

मग इस्माईलने घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणून दिला. त्याची पिशवी लगेच भरायची, म्हणून मध्ये रंगाची रिकामी बादली लावली, झाकण घट्ट. भुसा बादलीतच पडायचा. जोडणी बबनरावांची. हे कोयनेच्या पोफळी पॉवरहाऊसमधून रिटायर झालेले. वायर दिसली की छाती फुगते.

"अहो, आम्ही कोयनेचं पाणी फिरवलं! ही बादली काय!"

मी पाइपाच्या तोंडावर हळूच तळहात दाबला, आत हवा जायची बंद. धडाम्! बादलीचं पोट खपाटीला, आणि बबनराव थेट माडाच्या आडोशाला!

मी हाक मारली, "बबनराव, पाणी कुठवर आलं?"



*

आता जाड पिंप हवं होतं. बंदरावर एक निळं फुकट मिळालं. त्यात मासे खारवत असत. घासून घासून धुतलं, मशीन चालू केलं. भुसा पिंपात, वास पडवीत! आळीतली सगळी मांजरं ओळीने येऊन बसली.

बायको म्हणाली, "चला, तुमचं काम बघायला कुणीतरी आलं!"

*

राख, चिंच आणि ऊन लावून वास घालवला. मग परीक्षा. बायकोने सुमीला पडवीत खुर्चीवर बसवलं आणि बाजूला काळी छत्री उघडून ठेवली. छत्रीवर एक कण जरी दिसला तरी करवत गोठ्यात!

मी फणसाची अख्खी फळी कापली. छत्री काळीच्या काळी! इस्माईल टाळ्या वाजवताना दिसला. बबनरावांचे ओठ हलताना दिसले. मी ऐटीत मशीन बंद केलं.

"काय गो सुमे, आता भुशाची भीती नाय ना बाळाला?"

सुमी पोटावर दोन्ही हात धरून बसली होती. "बाबा, भुशाने ते जन्मल्यावर शिंकलं असतं. ह्या आवाजाने आजच जन्माला येईल!"