एकसष्ट नंबरचं झाड

डॉक्टर वितालिस ग्रोमेक यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. म्हणून बागेची वही तेक्ला लिहायची. तेक्ला त्यांच्या घरचं सगळं बघणारी विधवा. स्वयंपाक तिचा, दवाखान्याची झाडलोट तिची, आणि संध्याकाळी दिवा लावला की डॉक्टर सांगतील ते टिपून घेणंही तिचंच. ओल्शाना गावातले लोक म्हणत, डॉक्टरांचं अर्धं डोकं त्यांच्या टोपीखाली आहे आणि अर्धं तेक्लाच्या रुमालाखाली.

शिकला-सवरलेला डॉक्टर फळझाडांच्या नादी कसा लागला, याच्या गावात दहा कहाण्या होत्या आणि दहाही खोट्या. खरं कारण साधं होतं. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासांत गावातली पोरं कोमेजायची. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, पायांवर निळे डाग पडायचे. ज्या घरात आंबवलेल्या कोबीचं पिंप लवकर तळाला जाई, तिथे हे आधी दिसे. तरुण डॉक्टरांनी एका बाईला कागदावर औषध लिहून दिलं: रोज दोन सफरचंदं, ईस्टरपर्यंत. बाईने कागद वाचून घेतला आणि परत त्यांच्या हातात ठेवला.

"डॉक्टरसाहेब, मार्चमधे सफरचंदं काय तुमच्या खिशात पिकतात? असतील तर द्या, नाहीतर उगाच लिहू नका."

हे त्यांना फार लागलं. गावात सफरचंदं होती, पण नाताळपर्यंत सडणारी. टिकाऊ जातीची कलमं वाड्यावरच्या जमीनदाराने लांबून आणली होती, त्यातली बहुतेक पहिल्याच कडक हिवाळ्यात काळी पडून मेली. गरिबाच्या अंगणात थंडी सोसेल आणि ज्याचं फळ तळघरात ईस्टरपर्यंत राहील, असं झाड नव्हतंच. नव्हतं म्हणून डॉक्टर ते करायला बसले. रोग्याच्या घशाला औषध लावायचा बारीक कुंचला घेऊन ते रानातल्या आंबट सफरचंदाच्या फुलांना वाड्याच्या भिंतीआड कशीबशी तगलेल्या झाडांचा पराग लावत हिंडू लागले. बिया पेरल्या, रोपं झाली, त्यांतली निवडली, पुन्हा कुंचला. वीस वर्षांत घरामागे चारशे बारा झाडं उभी राहिली आणि प्रत्येकाच्या फांदीला नंबराचा पत्रा लटकला.

त्या बागेत एकच कायदा होता. झाडाला पांघरूण घालायचं नाही. गावात सगळे लहान झाडांना पेंढ्यात गुंडाळत, डॉक्टर गुंडाळू देत नसत.

"गरिबाच्या दारात झाडाला शाल कोण पांघरणार, तेक्लाबाई? मरायचं त्यांनी माझ्याच दारात मरावं, लोकांच्या नको."

हाच माणूस बर्फात स्लेज घालून दोन कोसांवरच्या तापकरी म्हातारीला स्वतःची रजई देऊन यायचा. एकाच छातीत ही दोन काळजं कशी मावतात, हे तेक्लाला कधी उमगलं नाही.

एकसष्ट नंबरच्या झाडाला सत्तावीस सालच्या शरदात पहिल्यांदा पाच फळं लागली. तेक्लाने ती तळघरात वाळूत पुरली. पुढच्या वर्षी ईस्टरला काढली तेव्हा पाचही टणक होती, साल जराशी सैल झाली होती एवढंच. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या सुरीने त्यांच्या फोडी केल्या आणि दवाखान्यातल्या पोरांना वाटल्या. स्वतःला एकही ठेवली नाही. मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ डोळे पुसत बसले. अर्धं काम झालं होतं. आता राहिला होता हिवाळा, खराखुरा मारणारा हिवाळा. डॉक्टरांचं हृदय तोवर कुरकुरू लागलं होतं. ते म्हणत, "एवढं एक कळलं ना, हे झाड आपल्या बळावर उभं राहतं की नाही, की मग मला खुशाल न्या."

तो हिवाळा त्याच वर्षअखेरीला आला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणं झाली की सणासाठी खोलीत पसरलेला पेंढा उचलून फळझाडांना बांधायचा, ही त्या मुलखाची रीत. न बांधलं तर झाड रुसतं, वर्षभर फळ धरत नाही. डॉक्टर तेक्लाला फाटकाजवळच्या जुन्या नाशपातीपुरती मुभा देत. त्या संध्याकाळी ते एका बाळंतिणीकडे गेले होते. तेक्लाने एकटीनेच बिटाचं सार खाल्लं, डॉक्टरांच्या वाटचं चुलीपाशी झाकून ठेवलं आणि पेंढा काखेत मारून बाहेर पडली. थंडी अशी होती की कुंपणाच्या फळ्या तडकत होत्या. नाशपातीला बांधून झालं तरी पेंढा उरला. ती एकसष्टपाशी गेली. शकुनाला एक वेढा, म्हणून बांधला. मग दुसरा. मग खोडाच्या तळापासून पहिल्या फांदीपर्यंत तिने ते झाड तान्ह्या पोरासारखं गुंडाळलं, मुळांवर उरलेला पेंढा पसरला आणि वरून बर्फ लोटून दाबला. शकुनाला एक काडी पुरते, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

सणाच्या दिवसांत रोग्यांपायी डॉक्टर बागेकडे फिरकले नाहीत, आणि जानेवारीत त्यांना छातीचं दुखणं लागलं आणि ते थेट एप्रिलपर्यंत अंथरुणात राहिले. फेब्रुवारीत पारा उणे अडतीसवर गेला. पाखरं उडता उडता पडत होती. डॉक्टर रोज विचारत, "झाडं कशी आहेत?" ती म्हणे, "उभी आहेत." मार्चच्या शेवटी तिने पेंढा सोडला आणि चुलीत घातला.

मे महिन्यात बाग काळी पडली. डॉक्टर काठी टेकत एकेका झाडापाशी जात, नखाने साल खरवडत आणि आतला तपकिरी रंग बघून पुढे सरकत. तेक्ला वही घेऊन मागून चालत होती. मेलं. मेलं. मेलं. वीस वर्षं ती एका शब्दाने खोडत गेली. एकसष्टपाशी नख लावायची गरजच पडली नाही. झाड शेंड्यापर्यंत पालवलं होतं. डॉक्टरांनी टोपी काढली.  तेक्ला म्हणाली, "वारा आहे, टोपी घाला." 

पुढचे तीन महिने घरात सण होता. डॉक्टर गुणगुणत जिने चढत, रोग्यांना झाडाची बातमी आधी सांगत आणि नाडी मग बघत. जुलैत डोळे भरायचे, म्हणजे एकसष्टच्या कळीचा तुकडा रानटी रोपाच्या सालीत बसवायचा, आणि ऑगस्टमधल्या मेरीमातेच्या सणाला लोकांना रोपं वाटायची, असं ठरलं. तेक्ला मात्र त्या झाडाकडे बघायचं टाळायची. ती स्वतःची समजूत घालायची की झाड तर जगलंय, कसं का जगेना. सणाच्या आदल्या दुपारी डॉक्टर म्हणाले, "आज वहीत पक्की नोंद करू. लिहा: एकसष्ट. थंडी उणे अडतीस. पांघरूण नाही. आणि खाली साक्षीदार म्हणून तुमची सही."

तिने 'पांघरूण' एवढं लिहिलं आणि टाक खाली ठेवला.

"काय झालं? शाई संपली?"

"डॉक्टरसाहेब, पेंढा होता."

ते आधी हसले. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं. ते ओरडले नाहीत. रोग्याला विचारतात तसं एकेक विचारत गेले. कधी बांधला? कुठून कुठपर्यंत? किती जाड? मुळांवर? कधी सोडला? तिने सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "माझ्या रोग्याला तुम्ही औषध पाजलंत, तेक्लाबाई. आता तो कशाने बरा झाला, ते मी कसं सांगू?"

"पण एवढ्याने कुठे हो जगतं झाड? ते जगलंच असतं."

"असेल. नसेलही. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "लिहा. पेंढा होता."

तिने लिहिलं. रात्री ते जेवले नाहीत. तिने सामान बांधायला घेतलं, तर दारातून म्हणाले, "उद्या एवढी माणसं येणार, त्यांचा चहा कोण करणार? मी?" याहून जास्त क्षमा त्यांना करता आली नाही, आणि तिनेही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर सणाच्या रीतीप्रमाणे हातात औषधी पाल्याच्या जुड्या घेऊन अख्खं गाव अंगणात जमलं. डॉक्टर पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "झाडाला पेंढा बांधला गेला होता. चूक माझ्या घरची आहे. झाड थंडीला टिकतं की नाही, मी सांगू शकत नाही. ज्याला हवं त्याने न्यावं, पण त्यावर कधी पांघरूण घालायचं नाही. मोठा हिवाळा येईल तेव्हा कळेल."

कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "वीस वर्षांत एवढंच?" बरेच जण घरी गेले. म्हाताऱ्या कुनेगुंडाबाईने विचारलं, "नाताळचा पेंढासुद्धा नाही? झाड रुसेल हो!"

"रुसू दे. माझ्यावर रुसलं म्हणून सांगा त्याला."

थोडे हसले. एकोणीस जणांनी रोपं नेली.

त्यानंतरचे हिवाळे सौम्य निघाले. आयुष्यभर पोरांना थंडीपासून जपणारा माणूस आता खिडकीत बसून थंडीची वाट बघायचा. बागेतलं एकसष्ट एकतीसच्या वादळात मुळासकट पडलं. त्याच डिसेंबरात डॉक्टर गेले. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाहेर किती आहे?"

"उणे चार."

"अं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

मारणारा हिवाळा पुन्हा आला तो चाळीस सालचा. तेव्हा देशात परकं सैन्य होतं, माणसांचीच मोजदाद नव्हती, तिथे झाडांचं कुणाला काय. पण मे उजाडताच अडुसष्ट वर्षांची तेक्ला काठी घेऊन निघाली. पाच झाडं आधीच कुणी तोडली होती, कुणाची गुरांनी खाल्ली होती. उरलेली चौदा घरं तिने एकेक करून गाठली. झाडं पालवलेली होती. ती विचारायची, "पेंढा?" जो तो म्हणायचा, "छे हो, डॉक्टरांचा शब्द कसा मोडू?" कुनेगुंडाच्या सुनेने तर पोराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि झाडाच्या बुंध्याशी पेंढ्याच्या काड्या मातीत रुतलेल्या दिसत होत्या. तेक्ला मान डोलावून पुढच्या घराकडे निघायची. मायेने माणूस किती सरळ तोंडाने खोटं बोलतो, हे तिच्याहून चांगलं कोण जाणतं? तेरा घरं झाली आणि तिचा एकावरही विश्वास बसला नाही.

चौदावं घर ओनुफ्रीचं. गावातला पहिल्या नंबरचा आळशी. त्याचं झाड टेकाडाच्या उत्तरेला, अगदी वाऱ्याच्या तोंडावर होतं. दोन पावलं खाली आडोसा होता, पण तिथवर जायचा त्याला कंटाळा आला होता. झाड वाकडं, गवतात बुडालेलं आणि शेंड्यापर्यंत फुललेलं होतं.

"पेंढा बांधला होतास?"

"मी? अहो, माझ्या छपराला पेंढा घालायला बायको सहा वर्षं मागे लागलीय!"

तेक्ला गुडघे टेकून खाली बसली आणि तिने गवत बाजूला केलं. खोडाच्या एका अंगाला जमिनीपासून पार तिच्या खांद्यापर्यंत सशांनी साल कुरतडली होती. दातांचे ओरखडे ताजे, याच हिवाळ्यातले होते, बर्फाचा थर चढत गेला तसे वर वर गेलेले. गुंडाळलेल्या खोडाला ससा तोंड लावत नाही. तिने ते ओरखडे बोटांनी चाचपले, पुन्हा चाचपले. मग तिला रडू कोसळलं.

ओनुफ्री घाबरला. "रडता काय तेक्लाबाई? ते मेले ससे काही माझ्यामुळे नाही आले! झाड जगलंय की चांगलं!"

"जगलंय रे."

"मग झालं तर. डॉक्टरांचं खरं झालं."

"पहिल्यापासूनच खरं होतं," ती म्हणाली. "त्याला पेंढा लागतच नव्हता. मी हात लावला नसता, तर त्यांना त्याच वसंतात कळलं असतं."

ओनुफ्रीला यातलं काही कळलं नाही. त्याने तिला हात देऊन उठवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता घरातून स्टूल आणून दिलं.