बकरी डोंगा घेऊन गेली

"पुन्हा म्हण ना. अगदी तश्शीच," बाईसाहेब म्हणाली.

मी म्हटलं, "आमची बकरी डोंगा घेऊन गेली."

बायका हसल्या. दहा-बारा बायका, वेताच्या खुर्च्यांवर, हातात चिवड्याच्या बशा. एकीला ठसका लागला. मी व्हरांड्याच्या पायरीवर उभी. चिवडा मलाही दिला होता. पेपरच्या तुकड्यावर.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. भंडाऱ्याजवळच्या फॅक्टरीच्या वसाहतीत मी आणि माय मासोळी विकायला जायचो. आम्ही ढिवर, वैनगंगेच्या काठचे, डोंग्यातून, म्हणजे लहान नावेतून, मासोळी धरणारे. मी बावीस वर्षांची, मॅट्रिक पास, डोक्यावर टोपली. बाईसाहेब म्हणजे तिथल्या एका मोठ्या साहेबाची बायको. पुण्याकडची. घराघरांतली चमत्कारिक बोलणी वहीत उतरवायचा तिला नाद. वसाहतीत देशभरातली माणसं, त्यामुळे वही भरत चाललेली.

त्या शनिवारच्या दोन दिवस आधी मी एकटीच मासोळी घेऊन गेले होते. माय का आली नाही, बाईसाहेब विचारू लागली. मी सांगितलं, बकरी डोंगा घेऊन गेली, माय रडून राहिली. बाई डोळे पुसेपर्यंत हसली. म्हणाली, शनिवारी दुपारी ये, आमच्या मैत्रिणींना ऐकव. मी गेले. गिऱ्हाईक होती ना.

आधी पंजाबी बाईनं सांगितलं. त्यांच्या घरी कधीच न संपणाऱ्या कामाला 'मामाजी की साइकिल' म्हणतात. मामा म्हणे जन्मभर एकच सायकल दुरुस्त करत बसला. मग बंगाली बाई. त्यांच्याकडे कोणी उगाच चिडलं की विचारतात, चष्मा भातात पडला का? आजोबांचा पडला होता एकदा. सगळ्यांनी कौतुकानं विचारलं, मामा कुठले, आजोबा काय करायचे. बाईसाहेब म्हणाली, "किती गोड! घराण्याचा इतिहासच आहे हा."

मला कोणी विचारलं नाही बकरी कोणती, डोंगा कोणाचा. आमच्या बोलण्यामागे इतिहास असतो, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. शिकलेल्या होत्या म्हणे.

"आणि गंमत म्हणजे बाई असून ही 'मी जातो' म्हणते," बाईसाहेब म्हणाली. "म्हणून दाखव गं."

पुन्हा हसू. पेपर चिवड्यासकट पायरीवर ठेवला.

"हासनं झालं असंल त सांगतो," मी म्हटलं. "माहा बाप पुरात डोंगा घेऊन गेला. डोंगा सापडला, बाप नाही सापडला. माय 'मेला' म्हनत नाही. डोंगा घेऊन गेला म्हनते. आजी गेली तवाही तसंच म्हनली. बकरी मेली तवाही. आमच्या घरी कोनीच मरत नाही."

मग बाईसाहेब म्हणाली, "अय्या, मग आधी नाही का सांगायचं! पण आहे मात्र फार छान हं. मी लिहून घेतलंय."

छान!

मी चपला न काढता आत गेले. टेबलावरची वही उचलली. तिनं वर लिहिलं होतं, 'अडाणी लोकांच्या गमती'. खाली आमचं वाक्य. पान फाडलं.

"ए! चोरटी कुठली!" बाई किंचाळली.

"चोरी तुम्ही केली," मी म्हटलं आणि बाहेर पडले. पंजाबी बाई नाही उठली, बंगाली बाई नाही उठली. चिवडा तेवढा खात राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या बंगल्यांच्या ओळीतलं एकही दार आमच्यासाठी उघडलं नाही. माय भडकली. "तोंड काहून चालवलं? खाशीन काय आता?" कशावर हसल्या, ते मी मायला सांगितलं नव्हतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी साहेबाचा चपराशी आला. म्हणाला, "माफी मागशीन त बाईसाहेब मासोळी घेईन म्हनते. अन् ते बकरीवालं पुन्हा सांग म्हनते, नागपूरच्या पाहुन्या आल्या."

माय जाळं विणत बसली होती. तिचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं तिनं. सगळं कळलं तिला. पदर तोंडाशी धरला आणि आत गेली. बापाच्या नावानं ती तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. ते रडणं मी त्या बाईला माफ केलेलं नाही.

चपराशाला म्हटलं, "सांगजो तिले. माफी तिनं मागाव. इथं येऊन, खाली बसून, माह्या मायसमोर."

ती आली नाही. त्या वसाहतीत आम्हीही पाय ठेवला नाही. भंडाऱ्याच्या बाजारात उन्हात बसलो. दोन वर्षं हाल झाले. मग मी मास्तरीण झाले, पवनीकडच्या एका खेड्यात. तिथं एक साहेब तपासणीला आला आणि माझ्या वर्गातल्या पोरीच्या बोलण्यावर हसला. पोरीनं मान खाली घातली. मी दार उघडलं. म्हटलं, "साहेब, बाहेर व्हा."

बदली झाली माझी. पुन्हा होईल. माझ्यासमोर जो कोणी असं हसेल, त्याला मी बाहेर काढीन. तो कोण आहे, हे विचारणार नाही.