नसरीनचं खरं बोलणारं पान

बल्लारपूरहून इरफानचा फोन आला तेव्हा वाटलं, नेहमीसारखंच काही विचारायचं असेल. त्याची बहीण नसरीन दवाखान्यात भरती झाल्यापासून तिचे निरोप तोच द्यायचा... ‘ताई विचारून राह्यली, मेसेज जाऊन राह्यले ना?’ त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, ‘ताई गेली.’ त्याला आता काही आठवडे झाले, तरी त्याचं नाव फोनवर दिसलं की मी आधी आमची वेबसाइट उघडून पाहते.

नसरीन आणि मी चंद्रपूरला कॉलेजात एकत्र होतो. पुढे तिने घरच्या शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत संगणक मांडला आणि आम्ही दोघींनी रक्तदात्यांची वेबसाइट बांधली. नातेवाइकाने रक्तगट आणि दवाखाना भरला की त्या गटाच्या रक्तदात्यांना मेसेज जायचे. ते पाठवण्याचं काम बाहेरच्या एका कंपनीची यंत्रणा करायची; आमच्या वेबसाइटचं पान एपीआयमार्फत, म्हणजे दोन यंत्रणांना जोडणाऱ्या दुव्यातून, तिला फक्त निरोप द्यायचं.

एका दुपारी गडचिरोलीच्या दवाखान्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, तातडीने रक्त हवं होतं. ‘बाई, सकाळपासून बसून आहो. पानावर लिहून आहे, रक्तदात्यांना कळवले. पण कोनी आलं नाई...’ कंपनीची यंत्रणा सकाळपासून गप्प होती आणि आमचं पान, उत्तर आलं की नाही हे न बघताच, सगळ्यांना ‘कळवले’ सांगत होतं. नसरीनने एकेका रक्तदात्याला स्वतः फोन लावला. शेवटी एक शिक्षिका शाळेतून तशाच स्कूटरवर निघाल्या. मुलगी वाचली.

मी म्हणाले, चूक कंपनीची आहे. ती म्हणाली, ‘असन त्याईची. पण खोटं तर आपल्या पानानं सांगितलं ना?’

नंतर कित्येक आठवडे तिने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. पान आता स्वतःच त्या यंत्रणेला सारखं विचारू लागलं, उत्तर आलं नाही तर आम्हा दोघींच्या फोनवर इशारा, सोबत नेमकं काय अडलं त्याची नोंद. मी समोरच्या माणसासाठी लिहिलं, ‘काहीतरी चुकले आहे.’ तिने ते खोडलं. ‘काहीतरी म्हणजे काय वं? त्याले काय समजन? आता काय करायचं, ते लिही.’ मग वाक्य झालं : ‘मेसेज गेला नाही. थांबू नका, या नंबरवर फोन करा.’ खाली तिचाच नंबर. तो मावसबहिणीच्या निकाहातही वाजला आणि ती जेवण सोडून उठली. खाला रागावल्या... तिने तेही ऐकून घेतलं.

गेल्या आठवड्यात गडचिरोलीहून परतताना बसमध्ये बराच वेळ रेंज नव्हती. रेंज आली तसा इशारा वाजला : मेसेज बंद. घाईघाईने गडचिरोलीच्या दवाखान्यात फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, ‘हो, मघाशीच एका बाईंनी कळवलं. आम्ही रक्तदात्यांना फोन लावून राह्यलो.’ नसरीन गेल्यावर हा इशारा माझ्याशिवाय कोणाकडेच जात नव्हता; आणखी कुठे जोडला असेल, तर तो तिनेच.

तशीच बल्लारपूरला तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांना टेकवलेला एक जुना टॅब होता. त्यावर एकच पट्टी, लाल. नसरीनच्या अम्मी कणीक मळत होत्या. ‘दवाखान्यातून तिनंच लावून घेतला इरफानकडून,’ त्या म्हणाल्या. ‘मले काय वाचता येते बेटा? पन लाल दिसलं का गडचिरोलीच्या दवाखान्याले फोन करायचा, एवढं सांगून गेली.’

अम्मींनी हात पुसले, टॅबवर बोट फिरवून पाहिलं. ‘अजून लालच आहे,’ म्हणाल्या, आणि दवाखान्याला पुन्हा फोन लावला.