फळीवरचे तीन खाने

ताडकळसला स्टँडसमोर एका मिस्त्रींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हॉकीचा सामना असला की ट्रान्झिस्टर मानेनं कानाशी दाबून ते पंक्चर काढायचे. बसची वाट बघणाऱ्या मला, शाळामास्तराला, त्यांनी एक खेळ लावला. दोघांनी आपापले खेळाडू निवडायचे आणि फळीवर खडूनं तीन खाने आखायचे: गोल, अडवलेले फटके, पंचानं बाहेर काढलेले. पहिल्या दोन्हींत जास्त तो सरस, तिसऱ्यात कमी तो. ज्या खान्यात सरस, त्याचा एक गुण. जिंकेल त्यानं पुढच्या सामन्याला रेडिओ धरायचा.

रेडिओ कायम त्यांच्याच कानाला. आकडे ते सांगतील तेच, म्हणून मला जरा शंका यायची.

एकदा माझ्या गड्यानं चार गोल केले. मी नाचलोच.

"कितीबी करू द्या गुरुजी, खान्याला गुण एकच हाय!"

अडवण्याचा खाना त्यांचा होता, तिसरा दोघांचाही कोरा. बरोबरी.

सामना संपता संपता ते थबकले. ओला हात पुसून त्यांनी तिसऱ्या खान्यात स्वतःच्या नावापुढं रेघ ओढली.

"माझा गडी भाईर काढला. तुमी जिंकले."

आणि रेडिओ माझ्या हातात दिला. पंचाची ती शिट्टी मला ऐकूसुद्धा आली नव्हती.